आवाज मधेच का निसटतो? जाड आणि बारीक आवाजाच्या सांध्याबद्दल

गाण्याच्या क्लासला मुलांना सोडायला आलेल्या आया (हल्ली बाबा पण येतात) एक प्रश्न हमखास विचारतात, की हिचा आवाज खाली मस्त लागतो, अगदी वर पण बारीक का होईना लागतो, पण मधे कुठेतरी एकदम निसटतो, फाटतो, नाहीतर गायबच होतो, तर काय करायचं? उत्तरं ठरलेली असतात. रियाज वाढवा, पहाटे उठून खर्ज (सगळ्यात खालचे सूर) लावा, थंड बंद करा. यातलं काही चूक आहे असं नाही, पण आवाज नेमका कुठल्या सुरावर निसटतो आणि त्याच सुरावर का, हे मुलीला कोणी सांगतच नाही, आणि मग बारा-तेरा वर्षांची पोर असं धरून चालते की आपला गळाच कच्चा आहे. गळा कच्चा बिच्चा काही नसतो. तिथे यंत्र बदलतं, एवढंच.

आता हे यंत्र म्हणजे काय ते आधी बघू. घशात पुढे जी घाटी हाताला लागते तिच्या आत दोन छोट्या घड्या असतात, त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो किंवा व्होकल कॉर्ड्स. तंतू म्हटल्यावर डोळ्यासमोर तारा येतात, पण त्या तारा नाहीत, ओलसर मऊ घड्या आहेत, मोठ्या पुरुषाच्या साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर आणि बाईच्या सव्वा ते पावणेदोन, म्हणजे नखाएवढा कारभार. फुफ्फुसातून हवा वर आली की त्या एकमेकींवर आपटतात आणि उघडतात, आणि हे सेकंदाला किती वेळा होतं त्यावर सूर ठरतो. पेटीवरची पहिली काळी पट्टी 'सा' धरली की ती काळी एक, तिचा पुरुषी षड्ज (सा) म्हणजे सेकंदाला सुमारे 139 वेळा, त्याचा तार षड्ज (वरचा सा) बरोब्बर दुप्पट, 277 च्या आसपास.

सूर वर न्यायचा तर या घड्या ताणाव्या लागतात, आणि इथे दोन स्नायूंचा खेळ सुरू होतो. एक स्नायू घडीच्या आतच असतो. तो आवळला की घडी आखूड, जाड आणि मांसल होते. दुसरा बाहेरून पुढच्या बाजूला असतो, तो आवळला की स्वरयंत्राची वरची कूर्चा खालच्या कूर्चेवर झुकते आणि घड्या लांब, पातळ होतात. घाटीच्या किंचित खाली बोट टेकवून हलक्या आवाजात खालून वर घसरत गेलात तर तिथली छोटी खाच मिटत गेल्यासारखी वाटते, तो हाच दुसरा स्नायू (सगळ्यांना जाणवत नाही, नाही जाणवली तर दाबत बसू नका).

आतला स्नायू जोरात असतो तेव्हा घड्यांची पूर्ण जाडी थरथरते, प्रत्येक आपटीत त्या जास्त वेळ मिटलेल्या राहतात, आवाजात वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे त्याच्या दुप्पट, तिप्पट वेगाचे सूर) भरपूर येतात, छातीवर हात ठेवला तर कंप लागतो. हा झाला जाड आवाज, इंग्रजी शिकवणीत ज्याला चेस्ट व्हॉइस म्हणतात तो. आपण बोलतो तो बहुतेक हाच. बाहेरचा स्नायू राज्य करतो तेव्हा फक्त घड्यांच्या कडा थरथरतात, मिटण्याचा वेळ कमी, आवाज बासरीसारखा साधा, थोडा हवा मिसळलेला. हा बारीक आवाज, हेड व्हॉइस किंवा पुरुषांच्या बाबतीत फॉल्सेटो. छाती किंवा डोक्यात आवाज तयार होत नाही हो, दोन्ही तिथेच नखाएवढ्या जागेत तयार होतात, कंप कुठे जाणवतो त्यावरून नावं पडली.

आणि ही नावं परक्यांनी दिली असंही नाही. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, म्हणजे आत्ताच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता, त्याच्या संगीतरत्नाकरात सरळ लिहिलंय की मंद्र (खालचे सूर) हृदयात, मध्य (मधले) कंठात आणि तार (वरचे) मूर्धेत, म्हणजे डोक्यात. युरोपात मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायन शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा घशात धरून स्वतःच्याच घड्या गाताना बघितल्या आणि 1855 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. रजिस्टर म्हणजे एकाच यंत्रणेने निघणारे एका जातीचे लागोपाठचे सूर, ही व्याख्या त्याचीच, आणि आजही तीच कामाला येते. शार्ङ्गदेवाने कुठे काय जाणवतं ते सांगितलं, गार्सियाने आत काय होतं ते बघितलं, दोघांचं भांडण नाही.

मग निसटतं का? दोघं जण गॅसचा सिलिंडर जिन्यावरून वर चढवतायत असं धरा. खालच्याने सगळा भार घेतलाय आणि वरचा नुसता हात लावून उभा आहे, आणि मधल्या वळणावर खालच्याने दमून एकदम सोडलं की धाडकन आवाज होणारच. आतला स्नायू वरपर्यंत सगळं ओढत नेतो, एका सुरावर त्याला झेपत नाही, तो एकदम सुटतो, आणि बाहेरच्या स्नायूला काही कळायच्या आत घड्या पातळ होऊन जातात. ऐकणाऱ्याला ती उडी ऐकू येते. हीच उडी मुद्दाम मारली की त्याला यॉडलिंग म्हणतात, किशोर कुमारने त्याच उडीवर लोकांना वेड लावलं होतं. म्हणजे उडी हा काही रोग नाही. हवी तेव्हा मारता येणं आणि नको तेव्हा टाळता येणं, ही कला.

आता मुद्द्याचं. ही उडी कुठे पडते? प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, पण ढोबळमानाने 300 ते 370 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपांच्या) पट्ट्यात, आणि गंमत म्हणजे बाई असो वा पुरुष, जागा बरीचशी तीच. पण आपण हर्ट्झमध्ये गात नाही, आपण पट्टीत गातो, म्हणजे पेटीवरचा कुठला सूर 'सा' धरला त्यावर सगळं ठरतं, आणि इथेच सगळा घोळ आहे. (आकडे आजकालच्या ट्यूनिंगचे धरलेत, घरातली जुनी पेटी थोडी इकडेतिकडे असू शकते.)

काळी एकमध्ये गाणारा पुरुष घ्या. त्याचा तार रिषभ (रे) 311, तार गंधार (ग) 349, तार मध्यम (म) 370. म्हणजे त्याला ही जागा भेटते ती थेट तार सप्तकात, जिथे तो एरवी सुद्धा जपून, तयारीने, ताना-बिना घेऊन जातो. आता काळी चारमध्ये गाणारी मुलगी घ्या. तिचा षड्ज 208, पंचम (प) 311, धैवत (ध) 349, तार षड्ज 415. तिचा सांधा पडला पंचम-धैवतावर! काळी पाचमध्ये गायली तर मध्यम-पंचमावर, पांढरी पाचमध्ये पंचमापासून निषादापर्यंत. म्हणजे पुरुषाला जे संकट वरच्या मजल्यावर कधीमधी भेटतं ते मुलीच्या घराच्या मधल्या खोलीत चोवीस तास बसलेलं असतं, कुठलाही राग गा, मध्य सप्तकाचं उत्तरांग (वरचा अर्धा भाग) टाळून जाणार कुठे?

याचा अगदी चोख दाखला म्हणजे भूप आणि देशकार हे दोन राग. सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात गंधार वादी (मुख्य सूर), राग खाली-मधे रमतो, म्हणून लहान मुलांना पहिल्यांदा भूपच देतात आणि बरोबर देतात. देशकारात धैवत वादी, सगळा मुक्काम पंचम, धैवत आणि तार षड्जावर. आता काळी चारवाल्या मुलीला देशकार दिला की तिला तुम्ही बरोब्बर सांध्यावर नेऊन बसवलंत, आणि वर सांगताय की धैवत ठसठशीत लागला पाहिजे.

माझ्याकडे एक मुलगी यायची, आठवी-नववीत असेल, भूप इतका गोड गायची की बाहेर बसलेल्या आज्या मान डोलवायच्या. देशकार सुरू केला आणि धैवतावर आवाज असा पातळ व्हायचा की जणू दुसरीच मुलगी गातेय. "ताई, मला देशकार जमतच नाही, दुसरा राग द्या ना." मी म्हटलं, राग राहू दे, तू हाच धैवत काळी एकात गाऊन दाखव. काळी एक म्हणजे तिच्या पट्टीपेक्षा बरंच खाली, तिथे तिचा धैवत 233 च्या आसपास आला, लख्ख लागला. मग पेटीवर एकेक पट्टी चढवत गेलो, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चारला थोडी ओढाताण सुरू झाली, आणि पांढरी पाचला आवाज निसटला. "म्हणजे देशकारचा धैवत नाहीये, पेटीवरची एक जागा आहे ती!" हे तिचं तीच म्हणाली. चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून नवीन मूल आलं की मी आधी त्याची ही जागा शोधते, राग-बिग नंतर.

आणि हो, गुरुजी पुरुष असतील तर हा प्रश्न बरेचदा त्यांच्या लक्षातच येत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या पंचम-धैवतावर काही होतच नाही, तिथे ते आरामात जाड आवाजात उभे असतात. ते म्हणतात मी लावतो तसा लाव. पोरगी तसा लावायला जाते, म्हणजे जाड आवाज ढकलत वर नेते, मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी वर जाते, सूर थोडा उतरतो, आणि शेवटी फाटतो. दोष कोणाचाच नाही, दोघांचे गळे वेगळ्या ठिकाणी वळतात, पण कोणीतरी हे बोलायला पाहिजे की नाही?

दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. बारीक आवाजाला आपण "खोटा आवाज" म्हणतो आणि तो काढला की ओरडा बसतो. खुला, मोकळा आवाज हवा, हे ख्यालगायकीचं म्हणणं मला मान्यच आहे, मैफिलीत कोणी पूर्ण बारीक आवाजात बडा ख्याल गायला तर मलाही आवडणार नाही. पण मैफिलीत काय वापरायचं आणि रियाजात काय कमवायचं या दोन गोष्टी वेगळ्या. बारीक आवाज पूर्ण बंद करून टाकला तर तो बाहेरचा स्नायू कधी कामालाच लागत नाही, आणि मग वर जाताना भार द्यायचा कोणाला? माझं स्पष्ट मत आहे की वाढत्या वयातल्या मुलांना रियाजात रोज थोडा वेळ "खोटा" आवाज गाऊ द्यावा, नुसता गाऊ द्यावा नाही, सुरात, ठरवून, आलंकारिक पलट्यांसकट (म्हणजे सुरांच्या ठरलेल्या चढ-उतारांसकट) गायला लावावा.

कारण सगळ्यात कामाची गोष्ट अशी आहे की जाड आणि बारीक हे दोन प्रदेश एकमेकांना नुसते चिकटलेले नाहीत, ते एकमेकांवर चढलेले आहेत. साधारण एक सप्तकभर सूर असे असतात की जे दोन्ही पद्धतीने लावता येतात. काळी चारवाल्या मुलीचा गंधार जाडही लागतो, बारीकही लागतो, पंचमसुद्धा दोन्हीकडून लागतो. सांधायचं आहे ते या सामाईक जागेत. जो सूर फक्त जाड लागतो तिथे काय सांधणार, आणि जो फक्त बारीक लागतो तिथे तरी काय?

यूट्यूबवर "मिक्स व्हॉइस दहा मिनिटात" वगैरे जे चालू असतं त्यात मिक्स म्हणजे कोणीतरी तिसरा आवाज आहे आणि तो सापडला की झालं, असं वाटायला लावतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी गायकांच्या मानेला इलेक्ट्रोड लावून घड्या किती वेळ मिटलेल्या राहतात हे मोजून बघितलं, तर गायक "मिक्स" गातोय असं म्हणतो तेव्हाही आतली यंत्रणा दोनांपैकी एकच असते, फक्त तिचा रंग दुसरीसारखा केलेला असतो. म्हणजे हलका केलेला जाड आवाज, किंवा भरीव केलेला बारीक आवाज. कामाचं बोलायचं तर सांध्याच्या खालचे चार सूर हलके करायला शिकायचे आणि वरचे चार सूर भरायला शिकायचे, मग दोन्ही बाजू इतक्या सारख्या दिसायला लागतात की कुठे ओलांडलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. गाणाऱ्याला कळतं! ते बरीच वर्षं कळत राहतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

यात आकाराची, म्हणजे "आ" वर गाण्याची, एक भानगड आहे ती पण सांगते, थोडी किचकट आहे. तोंडाची आणि घशाची पोकळी आपला स्वतःचा एक गुंजारव देते आणि प्रत्येक स्वराला, म्हणजे अ-आ-इ-ई मधल्या स्वराला, तो वेगळा असतो. मोठ्या "आ" चा पहिला गुंजारव साधारण 700-800 हर्ट्झच्या घरात असतो, "ई" आणि "ऊ" चा 300 च्या आसपास. आपण 350 चा सूर लावतो तेव्हा त्यात 700 चा उपस्वर असतोच, आणि तो "आ" च्या गुंजारवावर जाऊन बसतो, आवाज एकदम भोंग्यासारखा मोठा होतो. हाक मारताना, "ए आईऽऽ" करून ओरडताना आपण नकळत हेच करतो. शाहिराच्या खड्या आवाजाची ताकद, लावणीतल्या चढ्या ओळीची धार, याच जुळणीत आहे. पण सूर आणखी वर गेला की तो उपस्वर गुंजारवाच्या पलीकडे निघून जातो आणि आधार गेल्यासारखा वाटतो, मग गाणारा तोंड आणखी फाडतो, आणखी जोर लावतो. नेमका हा प्रकार सांध्याच्याच आसपास होतो, म्हणजे आत स्नायूंची अदलाबदल आणि वर तोंडात गुंजारवाची अदलाबदल, एकाच ठिकाणी दोन बदल. आणि आपण मुलांना सगळे पलटे पहिल्या दिवसापासून पूर्ण उघड्या आकारात करायला लावतो. जुने लोक तार सप्तकात आकार जरा गोल करायला सांगतात त्यात फार शहाणपण आहे, "आ" किंचित "ऑ" कडे झुकवला की गुंजारव खाली येतो, हाक मारायची सवय सुटते आणि आवाज भोंगा न होता वळतो. ऐकणाऱ्याला तो आकारच वाटला पाहिजे, एवढाच झुकवायचा.

बरं, करायचं काय? आधी जागा शोधा. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, "ऊ" वर अगदी हलक्या आवाजात खालच्या षड्जापासून मींडेने वर घसरत जा आणि कुठे खटका बसतो तो सूर लिहून ठेवा. मग वरून खाली या. खाली येताना खटका बहुतेक वेगळ्या, आणखी खालच्या सुरावर बसेल. हे नेहमीचंच आहे, गळा ज्या यंत्रणेत आहे तिला चिकटून राहायला बघतो. या दोन खटक्यांच्या मधला जो भाग, तो तुमचा कारखाना. रोजचं काम तिथे.

पहिलं काम वरून खाली येणं. सगळे पलटे आपण सा पासून वर चढत करतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जाड आवाजाचा भार घेऊनच सांध्यापाशी पोचतो. उलटं करा. तार षड्ज बारीक आवाजात, "ऊ" वर, कोणाला बाजूच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका हलका लावा आणि सां नी ध प म ग असे उतरत या, हलकेपणा न सोडता. पंचमाच्या खाली आवाज हवेसारखा होईल, शेजारची ताई हसेल, होऊ दे. गंधारापर्यंत तो हलकेपणा टिकला की मग "ऊ" चा "ओ" करा, मग "ऑ", मग आकार. लगेच आकारावर उडी मारली की जाड आवाज दार ढकलून आत येतो.

दुसरं, ओठ फुरफुरवणं किंवा स्ट्रॉमधून गाणं. लहान बाळ ओठांनी गाडीचा आवाज काढतं ना, तसं करत करत मींड घ्या. किंवा ग्लासात दोन-तीन बोटं पाणी घ्या, त्यात स्ट्रॉचं टोक जरासं बुडवा आणि स्ट्रॉमधून बुडबुडे काढत "ऊ" गा. हे खुळचट दिसतं पण यामागे भक्कम विज्ञान आहे, अमेरिकेतले इंगो टिट्झ यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. बाहेर जायची वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे परततो आणि घड्यांना वरून आधार देतो, त्या कमी आपटून जास्त कंप पावतात. सांध्यावरचा खटका स्ट्रॉमध्ये बरेचदा आपोआप गुळगुळीत होतो. मग तोच पलटा स्ट्रॉ काढून लगेच "ऊ" वर, मग "मो" वर. परीक्षेच्या आधी, कार्यक्रमाच्या आधी विंगेत उभं राहूनही करता येतं, फक्त पाणी सांडू नका.

तिसरं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं. सांध्याच्या एक सूर खालचा सूर घ्या, काळी चारवालीने मध्यम घ्यावा. तो बारीक आवाजात हलका लावा, एकाच श्वासात हळूहळू भरत न्या, मोठा करा, आणि परत हलका करत मूळ जागी आणा. मधे कुठेही खटका न बसता. पाश्चात्य गायकीत हा फार जुना रियाज आहे, पण आपल्याकडे षड्ज भरण्याचा रियाज करतात तो काय वेगळा आहे? फक्त आपण तो षड्जावरच करतो, जिथे मुलीचं सगळं सुरळीतच असतं. तो मध्यम-पंचमावर न्या. सुरुवातीला मोठं करताना खटका बसेल, मग जिथपर्यंत बसत नाही तिथपर्यंतच मोठं करा आणि परत या. रोज सूतभर पुढे.

किती वेळ करायचं? सांध्याचं काम सलग दहा-पंधरा मिनिटांच्या वर करू नये असं माझं मत, हे बारीक स्नायूंचं काम आहे, दमले की ते जुन्या सवयीवर जातात आणि तुम्ही चुकीची सवय घोटत बसता. बाकीचा वेळ बंदिशी पाठ करा, तालाचं काम करा. आणि खर्ज? खर्ज जरूर करा, आवाजाला पाया येतो, पण नुसता खर्ज करून वरचा सांधा सुटेल ही आशा ठेवू नका, त्याने आतलाच स्नायू आणखी दणकट होतो.

वयाचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान फुटतो, स्वरयंत्र भराभर वाढतं, घाटी पुढे येते, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. काल काळी चारमध्ये अभंग गाणारा मुलगा सहा-आठ महिन्यांनी कुठल्याच पट्टीत नीट लागत नाही, सांधा आज इथे तर पुढच्या महिन्यात तिथे, कारण यंत्रच रोज वेगळ्या मापाचं आहे. पूर्वी या काळात गाणं सरळ बंद ठेवायचे, आता बहुतेक जाणकार म्हणतात की गाऊ द्या, पण हलकं, जेवढे पाच-सहा सूर आरामात लागतात तेवढ्यातच, आणि पट्टी दर थोड्या दिवसांनी तपासून बदला. त्याला चारचौघात "अरे काय बेडकासारखा" म्हणू नका एवढी कृपा करा, कित्येक चांगले गळे त्या एका वाक्यानंतर परत उघडलेच नाहीत.

मुलींचाही आवाज बदलतो, हे तर लोकांना माहीतच नसतं! दोन-तीन अर्धस्वरच खाली येतो म्हणून कळत नाही, पण त्या काळात घड्यांच्या मागच्या टोकाला छोटी फट राहते आणि आवाज हवाळ, पोकळ येतो. तेरा-चौदाची मुलगी अचानक "दमदार" गायची बंद झाली तर तिला आळशी म्हणण्याआधी हे आठवा. जोर लावून ती फट बुजवायला गेलं की गळा आवळायची सवय लागते. घड्यांच्या आतले थर पक्के व्हायलाच पौगंडावस्था संपत येते, त्यामुळे चौदाव्या वर्षी तिशीतल्या गायिकेसारखा भरीव तार सप्तक मागणं हे अंगात नसलेलं मागणं आहे. टीव्हीवरच्या स्पर्धांत दहा वर्षांची मुलं छाती फोडून वरचे सूर काढतात आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, मला ते बघवत नाही, खरंच.

पट्टीचंही असंच, मुलगी आहे म्हणून काळी चारच, असा काही कायदा नाही. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डमधला आवाज उंच आणि बारीक आहे, पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो भारदस्त, जाड झाला, आणि त्यांनी त्या आवाजाला साजेशा खालच्या पट्टीत जे गायलं ते सगळ्या जगाने ऐकलं. मुलीला पांढरी तीन-चार सोयीची असेल तर ती घ्या, सांधा वरच्या सुरांवर सरकेल आणि मध्य सप्तक मोकळं होईल. पण मग तार सप्तकात किती जाता येतं तेही बघा, एकीकडे मिळतं ते दुसरीकडे द्यावं लागतं.

आता औषधांचं. ज्येष्ठमध, खडीसाखर, मध, कोमट पाणी, सगळं घ्या, घशाला बरं वाटतं, पण एक लक्षात ठेवा की गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंना लागत नाही, ती अन्ननलिकेतून जाते, आणि गिळताना श्वासनलिकेचं दार मिटलेलं असतं म्हणून तर ठसका लागत नाही. घड्यांपर्यंत थेट पोचते ती वाफ. पाणी दिवसभर प्यायलं तर ते शरीरातून तिथे ओलावा देतं, गाण्याच्या आधी गटागटा प्यायलेलं नाही.

सांधा निसटणं आणि आवाज बसणं यातला फरक मात्र ओळखा. सांध्यावरचा खटका ठरलेल्या सुरावर असतो, बाकी आवाज स्वच्छ. पण बोलताना सुद्धा घोगरं येतंय, सकाळी बरं आणि संध्याकाळी आवाज गेलेला, हलक्या आवाजात वरचे सूर लागतच नाहीत आणि मोठ्याने ओरडलं तरच लागतात, हे दोन-तीन आठवडे चाललं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीने घड्या बघून घ्या. सततच्या आपटण्याने तिथे छोट्या गाठी येतात, ओरडणाऱ्या मुलांना, शाळेतल्या शिक्षकांना, जोर लावणाऱ्या गायकांना येतात, आणि लवकर कळलं तर बहुतेक वेळा आवाजाच्या थेरपीने, गाण्याची-बोलण्याची सवय बदलून त्या बऱ्या होतात, ऑपरेशनची वेळ येत नाही. घरच्या घरी तपासायला सोपी युक्ती अशी की "हॅपी बर्थडे" ची चाल रोज सकाळी उंच पट्टीत, अगदी पुटपुटल्यासारखी हलकी, बारीक आवाजात गुणगुणून बघा. काल लागत होती आणि आज नुसती हवा येतेय, तर त्या दिवशी रियाजाला सुट्टी, तंबोरा लावून नुसतं ऐकत बसा.